नावं संपेपर्यंत

आमच्या घरात कोरिया शिरला तो पुठ्ठ्याच्या एका भल्यामोठ्या खोक्यातून. त्या साली कापसाला बरा भाव मिळाला होता, बाबांनी आदिलाबादहून जीपच्या टपावर बांधून एलजीचा टीव्ही आणला, आणि एवढे पैसे त्या डबड्यात घातले म्हणून आजी बरेच दिवस त्याच्याकडे पाठ करून वाती वळत बसायची. ही कंपनी कोरियाची, हे घरात कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. पुढे अक्काने त्याच टीव्हीवर आम्हाला कोरियातले सिनेमे दाखवले, तेव्हा तिने मोठ्या मजेत सांगितलं की हे डबडं आपल्या माहेरच्या माणसांना ओळखतं, म्हणून बघा चित्र कसं स्वच्छ येतंय. चित्र मुळीच स्वच्छ येत नव्हतं. धाकट्या भावाने पडद्याला चुंबक लावून उजव्या कोपऱ्यात एक जांभळा डाग पाडून ठेवला होता, त्यामुळे कोरियातल्या आभाळाची उजवी बाजू थोडी जांभळी असते अशीच आमची समजूत, आणि खरं सांगू, आजही मोठ्या पडद्यावर एखादा कोरियन सिनेमा बघताना माझी नजर उगाच त्या कोपऱ्याकडे जाऊन येते.

इचोडा म्हटलं तर तुमच्या डोळ्यांपुढे पटकन काही येणार नाही, पण नागपूरहून हैदराबादला कधी रस्त्याने गेला असाल तर आमच्या दारावरूनच गेला आहात. पूर्वी त्याला सात नंबरचा रस्ता म्हणत, आता चव्वेचाळीस म्हणतात; आदिलाबाद मागे पडलं, गुडीहतनूर गेलं, की निर्मलच्या घाटाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला कापसाच्या गाड्या उभ्या असलेलं जे गाव लागतं, ते आमचं. दिवाळीनंतर तिथल्या हवेत कापसाची तूस तरंगते, नाकात सरकीचा तेलकट वास बसतो, आणि रात्री अंथरुणावर पडलं की लांबून येणाऱ्या ट्रकांचा आवाज आधी जमिनीतून कळतो, मग कानाला. घरात मराठी, किराण्याच्या दुकानात तेलुगू, बसस्टँडवर दखनी आणि बाजाराच्या दिवशी डोंगरातून उतरलेल्या बायांच्या तोंडची गोंडी. १९५६ साली राज्यांच्या रेघा नव्याने ओढल्या गेल्या तेव्हा शेजारचं किनवट मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही आंध्र प्रदेशात आलो, २०१४ पासून तेलंगणात आहोत; आजी मात्र या सगळ्या राज्यांत एकाच ओसरीवर बसलेली होती. अशा गावात वाढलेल्या पोरांना न कळणाऱ्या भाषेचं भय वाटत नाही. अर्धं कानाने घ्यायचं, उरलेलं समोरच्याच्या भुवयांवरून ओळखायचं, ही सवय लहानपणापासूनची. त्यामुळेच असेल, पुण्यात कोरियन सिनेमा लागला की पहिल्या दहा मिनिटांत उठून जाणाऱ्या मैत्रिणींमध्ये आमची अक्का तेवढी मांडी घालून बसून राहिली.

मराठी शाळेत शिकलेली, तेलुगू घडाघडा बोलणारी आणि इंग्रजीला जरा बिचकणारी ही मुलगी पुण्याला गेली ती शिक्षिका व्हायला. प्रवास मोठा तापदायक असायचा: आधी आदिलाबादपर्यंत बस, तिथून किनवटवरून नांदेडला जाणारी रेल्वे, पुढे पुण्याची रात्रीची गाडी. सुट्टीत ती परत यायची तेव्हा आम्ही संध्याकाळपासून रस्त्यावर डोळे लावून असायचो. ‘पल्ले वेलुगू’ लिहिलेली खडखडती बस थांबायची, आधी तिची निळी पिशवी उतरायची, मग ती. त्या पिशवीचा वास अजून मला आठवतो. डांबराच्या गोळ्या, पाव, झेरॉक्सचा ताजा कागद आणि कुठल्यातरी स्वस्त पावडरचा मिळून झालेला तो पुण्याचा वास. आई म्हणायची, आधी आंघोळ कर. मी म्हणायचे, आधी पिशवी उघड. पिशवीत तळाशी, साडीच्या घडीत गुंडाळलेल्या, पेनाने नावं लिहिलेल्या सीड्या असायच्या.

पुण्याला सिनेमाची सवय जुनी. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं, आणि लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्याच्या प्रेक्षागृहात सिनेमाचं वेड लागलेल्यांच्या किती पिढ्या बसून गेल्या असतील. सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ साली कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली, मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ उभं राहिलं, पुण्यात आशय फिल्म क्लब झाला. या सगळ्या वंशावळीची अक्काला जाण्यापूर्वी गंधवार्ता नव्हती. तिने संग्रहालयात पी. के. नायर यांना लांबून पाहिलं होतं. ज्यांनी देशभरातून रिळं गोळा करून ते संग्रहालय उभं केलं, ते नायर निवृत्तीनंतरही तिथे सिनेमा बघायला येत आणि वहीत टिपणं काढत. अक्काने ती गोष्ट मनावर घेतली. तीही अंधारात लिहायला लागली. तिच्या त्या वह्या बघाल तर हसाल. ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, शब्द पानाबाहेर गेलेले, आणि मधेच एखादं वाक्य आधीच्या वाक्यावर असं बसलेलं की दोन्ही वाचता येऊ नयेत. सिनेमा जितका चांगला तितकं अक्षर वाईट, असा हिशेब मी पुढे बसवला.

तिच्या कॉलेजात मुलामुलींनी मिळून चालवलेला एक क्लब होता. क्लब म्हणजे काय, शनिवारी संध्याकाळी एक वर्ग मागून घ्यायचा, खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवायची, कुणाच्या तरी पलंगावरची पांढरी चादर फळ्यावर ताणायची, आणि भाड्याने आणलेला प्रोजेक्टर बाकांच्या मधोमध ठेवायचा. खडूची धूळ त्या प्रकाशाच्या पट्ट्यात उडत असायची. अक्काकडे काम दोन प्रकारचं: सुरुवातीला उभं राहून सिनेमाबद्दल चार शब्द सांगायचे, आणि शेवटी दारात उभं राहून लोकांना अडवायचं. शेवटची नावं पडद्यावरून संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, हा तिचा नियम. कोरियन अक्षरांतली ती नावं वर सरकत जात, वर्गातल्या एकालाही त्यातलं अक्षर ओळखू येत नसे, तरी सगळे मुकाट बसून राहत. मी एकदा विचारलं होतं, जे वाचता येत नाही ते बघायचं कशाला? ती म्हणाली, अगं, लग्नात पंगत उठेपर्यंत आपण बसतोच ना. सीडीवर सिनेमा एका ठिकाणचा आणि खालच्या इंग्रजी ओळी दुसऱ्या ठिकाणच्या, असं नेहमी व्हायचं. बाई रडून मोकळी व्हायची आणि ती का रडली ते दोन श्वासांनंतर खाली उमटायचं. अक्काला त्याचा राग येत नसे. आयुष्यातही तसंच होतं, असलं काही ती म्हणाली असती तर मी तिला चिडवलं असतं, पण ती तसलं बोलणाऱ्यांतली नव्हती. ती म्हणायची, चला, चेहऱ्याकडे बघायला वेळ तरी मिळाला.

कोरियाचं वेड तिला सिनेमांइतकंच तिथल्या पोरांच्या गोष्टींनी लागलं होतं, आणि या गोष्टी ती आम्हाला शेंगा फोडता फोडता सांगायची. तिकडे लष्कराचं राज्य होतं. १९८० च्या मे महिन्यात ग्वांगजूमध्ये लोक उठले आणि सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सिनेमा दाखवण्याआधी सरकारला दाखवावा लागे, बाहेरचे सिनेमे मोजकेच येत. मग सोलमधली पोरं फ्रेंच सांस्कृतिक केंद्रात आणि जर्मन केंद्रात जाऊन बसायची, भाषा कळो न कळो. सोल राष्ट्रीय विद्यापीठातल्या मुलांनी १९७९ च्या सुमाराला ‘यालासंग’ नावाचा सिनेमाचा गट काढला होता, हातातल्या छोट्या कॅमेऱ्यांवर ती मुलं आपले सिनेमे काढायची. सोगांग विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकणारा पार्क चान-वूक असल्याच गटात सिनेमे बघत वाढला आणि पुढे त्याच्या ‘ओल्डबॉय’ला २००४ साली कान महोत्सवात मोठा पुरस्कार मिळाला. सगळ्यात आवडती गोष्ट ‘संपाच्या आदल्या रात्री’ या सिनेमाची. कारखान्यातले कामगार युनियन काढू पाहतात, एवढीच त्याची कथा; १९९० साली तरुणांच्या एका गटाने परवानगी न घेता तो काढला आणि विद्यापीठांतून फिरवून दाखवला. पोलीस ती रिळं जप्त करायला येत, ग्वांगजूच्या विद्यापीठात तर हेलिकॉप्टरसुद्धा आणलं म्हणतात, आणि विद्यार्थी दाराशी कडं करून उभे राहत, आत सिनेमा चालू. इथे अक्का शेंग फोडायची थांबायची. एका सिनेमासाठी हेलिकॉप्टर! बाबा म्हणायचे, आपल्याकडे फवारणीला येत नाही.

पुढचं ती भराभर सांगायची, कारण विजयाच्या गोष्टीत तिला फारसा रस नव्हता. १९९४ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षांपुढे हिशेब मांडला गेला की एकट्या ‘जुरासिक पार्क’ची कमाई पंधरा लाख ह्युंदाई गाड्या विकल्याइतकी आहे, मग सरकारचे डोळे उघडले. १९९५ मध्ये सिनेमाची चांगली मासिकं निघाली, १९९६ मध्ये बुसानचा महोत्सव सुरू झाला आणि त्याच वर्षी तिथल्या घटना न्यायालयाने आधी कात्री लावायची पद्धत घटनाबाह्य ठरवली. चोरून सिनेमे बघणारी ती पोरं तोवर तिशीची झाली होती, ती आता सिनेमे काढायला लागली. मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं, की ज्यांनी एकत्र बसून एकच टेप झिजेपर्यंत पाहिली, त्यांनाच तो सिनेमा काढता आला. पैसा नंतर आला. पण हे माझं मत झालं. अक्का सरकारलाही थोडं श्रेय द्यायची, ती न्यायाने वागणारी होती.

आता त्या रात्रीचं सांगते. कापूस वेचणी चालू होती, आईबाबा दिवसभर शेतातून येऊन ओसरीवर पाय पसरून बसलेले, आम्ही टीव्ही अंगणाकडे तोंड करून मांडला होता, शेजारच्या चार बाया आपापली पोरं घेऊन आल्या होत्या. अक्काने ‘द वे होम’ लावला. २००२ चा, ली जंग-ह्यांग या बाईने काढलेला. सोलमधला एक लाडावलेला मुलगा डोंगरातल्या खेड्यात मुक्या आजीकडे ठेवला जातो, एवढंच. खालच्या इंग्रजी ओळी वाचून अक्का आमच्या बोलीत मोठ्याने सांगत होती, मुलाचा आवाज ती अगदी आमच्या भावाचा काढायची, त्यामुळे पोरं लोळत होती. आजीने आधी पाठच केली होती. पण पडद्यावरची बाई कमरेत पार वाकलेली, डोंगर चढत असलेली दिसली, आणि आमची आजी हळूच वळली. थोड्या वेळाने म्हणाली, “हे बुढी बोलत काऊन नाई वं?” अक्का म्हणाली, मुकी आहे ती. आजीने मान हलवली आणि त्यानंतर पडद्यावरच्या त्या बाईच्या वतीने सगळं आजीच बोलायला लागली.

मुलाला शहरातली तळलेली कोंबडी हवी असते; म्हातारी भर पावसात चालत जाऊन जिवंत कोंबडी आणते आणि उकडते, आणि तो रडून गोंधळ घालतो. आजी म्हणाली, “रस्सा तं चांगला दिसते, पोट्ट्याले दोन द्या लागते.” तो तिच्या अंबाड्यातला आकडा चोरतो तेव्हा बायांनी एकदम ‘आगं माय’ केलं. म्हातारी मग अंबाड्यात चमचा खोचते, आणि बायांपैकी एकीने नकळत स्वतःच्या अंबाड्याला हात लावून पाहिला. नेमकी तेव्हा लाइट गेली. तेव्हा ती रोजच जायची. अंधारात सगळे तसेच बसून राहिले, रातकिड्यांची किरकिर, महामार्गावरचे ट्रक, चुलीतल्या राखेचा वास, आणि कोपऱ्यातून आजीचा आवाज, की आता ते पोट्टं सुधरल पाहा. अक्काने शेवट सांगितला नाही. बायांनी विनवण्या केल्या, तरी नाही. वीज आल्यावर आम्ही पाहिलं, की मुलगा जाण्याच्या आदल्या रात्री आजीच्या सगळ्या सुयांत दोरा ओवून ठेवतो, तिला दिसत नाही म्हणून. आणि बसमधून जाताना छातीवर हात गोल फिरवतो, त्या म्हातारीची माफी मागायची जी खूण असते, तीच. नावं सुरू झाली. एकही बाई उठली नाही. सगळ्या आज्यांना हा सिनेमा अर्पण केला आहे, हे अक्काने वाचून दाखवलं, तेव्हा आजी म्हणाली, मले कायले.

ती बाई नटी नव्हती, किम उल-बून नावाची खरोखरची खेड्यातली म्हातारी होती, तिने त्याआधी सिनेमाच पाहिला नव्हता, आणि सिनेमा एवढा गाजला की येणाऱ्याजाणाऱ्यांच्या त्रासाने तिला आपलं गाव सोडावं लागलं. हे अक्काने आजीला मुद्दामच सांगितलं नाही. २०२१ साली ती पंचाण्णवाव्या वर्षी गेल्याचं मी वाचलं, तोवर आमच्या आजीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या रात्रीनंतर अक्का दर सुट्टीत आजीच्या सुयांत दोरे ओवून जायची, पांढरे, काळे, एक लाल, आणि जुन्या सोलापुरी चादरीच्या काठावर त्या ओळीने टोचून ठेवायची. आणि छातीवर हात गोल फिरवायची खूण घरात राहून गेली. भाजीत मीठ जास्त झालं, की आई ती करायची. भांडण झालं, की आम्ही बहिणी तोंडाने न बोलता ती करायचो, आणि नुसतं अर्धं वर्तुळ काढलं तर अर्धीच माफी धरायची, असा आमचा कायदा होता. शेवटच्या दिवसांत अक्काला बोलायला दम पुरत नव्हता. पाणी पाजताना सांडलं, कूस बदलायला उठवलं, रात्री मला जागं केलं, की तिचा हात हळूहळू गोल फिरायचा. मी म्हणायचे, पुरे गं, झालं पूर्ण.

२०१९ चा पावसाळा होता तो. मे महिन्यात बोंग जून-होच्या ‘पॅरासाइट’ला कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाल्याची बातमी तिने मला फोनवर वाचून दाखवली होती, आवाजात असा काही तोरा होता की जणू क्लबातल्याच मुलाला मिळाला. जानेवारीत पुण्याच्या महोत्सवात येईल, तू पण ये, असं ठरलं होतं. पुढच्या फेब्रुवारीत त्याच सिनेमाला चार ऑस्कर मिळाले, इंग्रजी नसलेला सिनेमा पहिल्यांदाच सर्वोत्कृष्ट ठरला, आणि माझ्या फोनवर तिच्या जुन्या क्लबातल्या कुणाकुणाचे निरोप आले. मी तो सिनेमा खूप उशिरा, एकटीने पाहिला. तुम्ही पाहिला असेल. तळघरात राहणाऱ्या त्या कुटुंबाच्या अंगाला एक वास असतो, श्रीमंताला तो गाडीत बसल्या बसल्या येतो, साबण बदलून जात नाही. मला तिथेच थांबवावा लागला. वसतिगृहात पहिल्या वर्षी मुली म्हणाल्या होत्या, तुझ्या कपड्यांना धुराचा वास येतो. अक्काने हे मला एकदाच सांगितलं होतं, हसत, आणि मग सुट्टीत घरी आली की तिने आपले कपडे चुलीपासून लांब, माळ्यावर ठेवायला सुरुवात केली होती. आईला कळलं नाही कधी. मला वाटतं, तो सिनेमा बघून अक्का काही बोलली नसती, वहीतलं अक्षर तेवढं फारच वाईट झालं असतं.

एक चमत्कारिक गोष्ट सांगू? खालच्या इंग्रजी ओळी मी आजही तिच्याच आवाजात वाचते. डोळ्यांना इंग्रजी दिसतं आणि कानात आमची बोली येते, पोट्टं, बुढी, काऊन, मले. सोलमधले वकील आणि खुनी आणि गर्भश्रीमंत बाया, सगळे इचोड्याचं बोलतात. म्हणून हिंदीत आवाज भरलेल्या कोरियन मालिका मला बघवत नाहीत. माझ्या भाच्या त्या रात्र रात्र फोनवर बघतात, कानात बोंडं घालून, एकाच खाटेवर दोघी असल्या तरी दोघींची मालिका वेगळी. इचोड्याच्या किराण्यात आता कोरियन तिखटाच्या शेवया मिळतात, भाची माझ्याशी बोलताना मधेच एखादा कोरियन शब्द टाकते आणि मला तो कळला नाही म्हणून खूश होते. मी त्यांना नावं ठेवत नाही. आवाज त्यात छान भरलेले असतात, पण इतके गच्च, की मधे अक्काला बसायला जागाच राहत नाही.

मागे बोंग जून-होच्या विद्यार्थिदशेतल्या क्लबावर निघालेला माहितीपट पाहिला, २०२३ सालचा. नव्वदीच्या सुरुवातीला सोलमधल्या काही मुलामुलींनी एक खोली घेतली होती, तिचं दार पिवळं, म्हणून क्लबाचं नाव ‘पिवळं दार’. समाजशास्त्र शिकणारा बोंग तिथल्या व्हिडिओ टेपा सांभाळायचा, त्यांच्या नकला काढायचा, आणि त्याने एका खेळण्यातल्या गोरिलाला इंचाइंचाने हलवत एक छोटा सिनेमा काढला होता, तो मोजक्याच जणांनी पाहिला असेल. आता पन्नाशी ओलांडलेली ती मंडळी व्हिडिओ कॉलवर जमतात आणि एकाचीही आठवण दुसऱ्याशी जुळत नाही. कोण कधी आलं, काय घडलं, कुणी काय म्हटलं, सगळ्यावर वाद. सगळे हसत होते. मी हसता हसता थांबले, कारण माझ्या लक्षात आलं, की मला आता कुणी खोडून काढत नाही. मी म्हटलं त्या रात्री चार बाया होत्या, तर चारच होत्या. अक्का असती तर म्हणाली असती, सहा होत्या, आणि लाइट चमच्याच्या वेळी नव्हे, कोंबडीच्या वेळी गेली होती. तिचं म्हणणं मी कधीच पटकन ऐकलं नाही. आता आठवणींच्या भांडणात सगळीकडे मीच जिंकते, आणि असल्या जिंकण्यात किती बेचव वाटतं म्हणून सांगू, दात काढल्यावर दोन दिवस जेवताना वाटतं ना, तसं.

एका भांडणात मात्र तिची बाजू मला तोंडपाठ आहे. ली चांग-डोंगचा ‘पोएट्री’ आम्ही पुण्यात एकत्र पाहिला होता आणि परतीच्या अख्ख्या प्रवासात, नांदेडच्या फलाटावर चहा पिताना, किनवटपाशी गाडी रखडली तेव्हा, आदिलाबादच्या बसस्टँडवर, त्यावरच बोलत होतो. शब्द विसरायला लागलेली म्हातारी मिजा कविता लिहायला शिकते. नातवाच्या हातून एक भयंकर गुन्हा घडलेला असतो, एक मुलगी नदीत जीव देते. शेवटी मिजा दिसेनाशी होते. टेबलावर फुलं आणि कविता, लेक घरी येते तर घर रिकामं. कविता वाचणारा आवाज म्हातारीचा होता तो मधेच त्या मेलेल्या मुलीचा होतो, आणि पाणी वाहत राहतं. मी म्हटलं, मिजाने त्याच पुलावरून उडी घेतली, उघड आहे. अक्का म्हणाली, दाखवलंय का कुठे? नाही दाखवलं, म्हणजे ती गेली कुठेतरी, निघून गेली, जिथे नवे शब्द शिकता येतील अशा ठिकाणी. मी म्हटलं, दिग्दर्शक पाणी का दाखवतो मग? ती म्हणाली, पाणी काय, ते वाहतच असतं, त्याला कॅमेरा लागत नाही. बस इचोड्यात शिरली तरी आमचं मिटलं नव्हतं, बाबा पिशवी घ्यायला आले होते आणि आम्ही दोघी एकदमच त्यांना विचारलं, की बाबा, तुम्हीच सांगा. बाबा म्हणाले, घरी चला आधी.

तो सिनेमा मी नंतर पुन्हा पाहिला, नावं संपेपर्यंत. अक्काचे सगळे मुद्दे आठवून, एकेक तपासून. ती चूक होती. मिजा मेलीच, आणि हे मी तिला कुठल्याही वादात सिद्ध करून दिलं असतं.